ऑन-कॉलचं रोस्टर कसं लावावं? पाच सर्जन, पाच तोंडं

टाकेवाला | १० जून, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या आणि सह्याद्रीच्या धाग्यांवर नुसता वाचत पडलेला असतो. आज स्वतःचं गाऱ्हाणं आहे.

मी जनरल सर्जन, मुंबईच्या उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला. (नाव विचारू नका. ओळखणारे ओळखतील, त्यांनी तोंडाला टाके घालावेत.) आम्ही पाच जण. रात्रीचं ऑन-कॉल आळीपाळीने, दर पाचव्या रात्री एकेकाचा नंबर. हॉस्पिटलात झोपावं लागत नाही, घरीच असतो, पण फोन आला की अर्ध्या तासात पोचायचं. रोस्टर आजवर आमचे सर लावायचे. महिन्याच्या अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो यायचा, तोही वाकडा. आता ते काम माझ्या गळ्यात आलंय, कारण डिसेंबरात आमच्यातला एक चांगला हात नोकरी सोडून गेला आणि जाताना स्वच्छ म्हणाला, "पगाराचं काही नाही रे, ह्या कागदाला विटलो." त्याच्या जागी नवी मुलगी आली आहे. तिने दुसऱ्याच महिन्यात विचारलं, "सर, हे असंच असतं का?"

माझा स्वतःचा हिशोब सांगतो. रात्री उठून जायचा मला वैताग येत नाही. परवा दोन चाळीसला फोन. आरएमओ (रात्री हॉस्पिटलात हजर असणारा डॉक्टर) म्हणाला, "सर, बहात्तर वर्षांचे आजोबा, उजवीकडचा हर्निया, काल संध्याकाळपासून आत जात नाहीये. उलट्या चालू आहेत. वरची कातडी लाल झालीये." एवढ्यावर निम्मं निदान झालं. संध्याकाळी पन्नास मिनिटं खाणारा लिंक रोड पहाटे तीनला बारा मिनिटांत पार. (अर्ध्या तासाच्या नियमात मुंबईची संध्याकाळ बसत नाही, पण ते असो.) हर्नियाची पिशवी उघडली तर आतलं आतडं काळंनिळं. आवळणारी कड मोकळी केली, कोमट सलाइनचे मॉप त्याच्याभोवती ठेवले, भूलतज्ज्ञांना शंभर टक्के ऑक्सिजन द्यायला सांगितला आणि घड्याळाकडे बघत हात बांधून उभा राहिलो. सात-आठ मिनिटांनी कडेकडेने गुलाबी रंग चढायला लागला. मग आतड्यातून एक बारीकशी लाट सरकली. कापावं लागलं नाही. सहा वाजता कॅन्टीनचा तो पांचट चहा अमृत लागला. ठरवून केलेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात हे सुख नाही.

वैताग दोन गोष्टींचा. एक, त्याच दिवशी सकाळी साडेआठला माझी ओटी (आधीच ठरलेली ऑपरेशनं) होती, तीन केसेस. दोन, कोऱ्या रात्री. दहा रात्रींतल्या सहा रात्री फोन वाजतच नाही. पण म्हणून त्या रात्री माझ्या असतात का? नाटकाला जायचं तर कडेची खुर्ची आणि मांडीवर थरथरणारा फोन. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला बदलापूरला जाता येत नाही. झोप लागते, पण मांजराची.

आणि मुलीचा तबल्याचा क्लास गुरुवारी असतो. गेल्या दोन वर्षांत मी तिला क्लासला कितीदा सोडलं असेल? सांगत नाही.

तर, तुमच्याकडे ऑन-कॉल कसं लावतात? डॉक्टर नसलात तरी चालेल. ज्यांना रात्रपाळी माहीत आहे त्या सगळ्यांनी लिहा.

भूलथाप | ११ जून, सकाळी ७.१०

त्या पहाटे शंभर टक्के ऑक्सिजन देणारा भूलतज्ज्ञ कुणाच्या रोस्टरवर होता, ते कुणी विचारणार आहे का? हजेरी लावून ठेवतो, सविस्तर नंतर. आत्ताच घरी आलोय.

खवट_म्हातारा | ११ जून, सकाळी ९.३४

पैसे मिळतात ना? मग? गिरणीत तिसरी पाळी करणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं समाधान आहे का म्हणून.

टाकेवाला | ११ जून, दुपारी १.०५

काका, माझे आजोबा लालबागला गिरणीतच होते. तिसरी पाळी होती, पण आठवड्याने बदलायची आणि कोणत्या आठवड्यात कोणती ते आजीला तोंडपाठ असायचं. शिवाय पाळी संपल्यावर त्यांना कुणी पुन्हा साच्यावर उभं करत नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे.

पोस्टइमर्जन्सी | ११ जून, दुपारी ३.४८

घरी राहून ऑन-कॉल! सर, हे वाचून मला हसू आलं, रागावू नका. 🙂

मी एका पालिका रुग्णालयात सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्यात ऑन-कॉल म्हणजे कॅज्युअल्टी, तातडीचे पेशंट येतात तो विभाग. प्रत्येक युनिटचा आठवड्यात एक इमर्जन्सी दिवस. त्या सकाळी राउंडला उभं राहायचं, चोवीस तास येईल ते घ्यायचं, दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांची राउंड, ड्रेसिंग, सीटीच्या तारखांसाठी भांडणं, आणि संध्याकाळी कधीतरी 'पोस्ट' म्हणून आडवं व्हायचं. आयडी त्यावरूनच घेतलाय. छत्तीस तास हे आमच्याकडे बोलताना सहज येणारं एकक आहे, जसं लोक 'दोन मिनिटं थांब' म्हणतात.

कागदावर काय आहे ते पण सांगते. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत (रेसिडेंट म्हणजे आमच्यासारखे शिकता शिकता काम करणारे डॉक्टर) लिहिलंय की सलग १२ तासांहून जास्त आणि आठवड्याला साधारण ४८ तासांहून जास्त काम नको. वर 'कामाच्या निकडीनुसार' अशी खुंटी ठेवली आहे, सगळं तिच्यावरच टांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही, 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती'. मग आयोगाच्याच कृती गटाने २०२४ मध्ये सुचवलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर नको आणि एक दिवस सुट्टी. म्हणजे बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले आणि तरी आम्ही वाचून खूश झालो की कुणीतरी आकडा तरी लिहिला.

पण एक खरं सांगू? मला माझं पहिलं अपेंडिक्स मिळालं ते इमर्जन्सीच्या पहाटे चार वाजता. लेक्चरर मॅडम समोर उभ्या राहिल्या, सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मी इथेच आहे, घाई करू नकोस." दिवसाच्या लिस्टला (ठरलेल्या ऑपरेशनांना) मला रिट्रॅक्टर धरण्यापलीकडे, म्हणजे जखमेच्या कडा ओढून उभं राहण्यापलीकडे, काय मिळतं? त्यामुळे कुणी इमर्जन्सी कमी करायची म्हटलं तर मीच आडवी येईन. मला इमर्जन्सी हवी आहे. मला 'पोस्ट' नकोय, म्हणजे 'पोस्ट'च्या नावाखाली पुन्हा ओटीत उभं राहणं नकोय.

चिरफाड | ११ जून, रात्री १०.२२

@पोस्टइमर्जन्सी, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा आहे.

मी सर्जन, दोन मुलांची आई, ठाण्यात. टाकेवाला, तुमच्या कोऱ्या रात्री फक्त तुमच्या कोऱ्या असतात. मी ऑन-कॉल असते तेव्हा माझ्या सासूबाईही ऑन-कॉल असतात. नवरा टूरवर असला की त्यांना त्या रात्री आमच्याकडे मुलुंडहून यावं लागतं, कारण दोन वाजता फोन आला तर पोरांना कुलपात ठेवून जाता येत नाही. म्हणजे माझं रोस्टर अठ्ठावीस तारखेला आलं की एक तारखेपासूनची त्यांची भजनीमंडळं, डोळ्यांची अपॉइंटमेंट, सगळं मोडायचं. चार वर्षांत त्या एकदाच बोलल्या, "आधी कळलं असतं तर बरं झालं असतं गं." नेमकं तेच मी एचओडींना (विभागप्रमुखांना) सांगितलं होतं, तर उत्तर मिळालं की इमर्जन्सी काय सांगून येते का. अहो, पेशंट सांगून येत नाही, रोस्टरला सांगून यायला काय झालं?

दुसरं, अदलाबदल. कागदावर सगळ्यांना मुभा असते. प्रत्यक्षात एक रात्र बदलून मागितली की ती उधारी होते, आणि व्याजासकट. गणपतीची एक रात्र कुणी घेतली तर त्याबदल्यात दिवाळीच्या दोन. पूर्वीच्या एका हॉस्पिटलात (नाव नाही) मी दिवस राहिल्याचं पाचव्या महिन्यापर्यंत लपवलं होतं, कारण ज्या ताईने माझ्याआधी सांगितलं तिला 'रात्री जमत नाहीत' म्हणून आधी रात्रींतून आणि मग मोठ्या केसेसमधून हळूच बाजूला केलं गेलं. रात्री कमी करून मिळाल्या तर त्या बदल्यात काय काढून घेतलं जातंय तेही बघा.

तेव्हा पहिली मागणी: रोस्टर तीन महिन्यांचं एकदम लावा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

स्लो_लोकल | १२ जून, सकाळी ६.५०

+१ तीन महिन्यांना.

पण आमच्यासारख्यांचं काय? मी डोंबिवलीत चार नर्सिंग होमना जोडलेला. मला रोस्टरच नाही. ३६५ दिवस ऑन-कॉल. आणि गंमत म्हणजे मी टाकेवाल्यांपेक्षा सुखी आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. कोणाच्या कागदावर माझं नाव नाही, पेशंट माझे, फोन माझा. रात्री वैतागलो तरी मीच माझ्यावर.

फोन उचलला नाही तर काय होतं, ते मात्र एकदा कळलं. पुतणीच्या लग्नात सनईच्या आवाजात तीन कॉल गेले. नर्सिंग होमने दुसऱ्याला बोलावलं, बरोबरच केलं, पेशंटला थांबवून थोडंच ठेवणार? पण पुढचे सहा महिने त्या नर्सिंग होमच्या सगळ्या केसेस त्या दुसऱ्याकडे. तेव्हापासून मी कोकणात गणपतीला जातो तेही आरतीच्या ताटाशेजारी फोन ठेवून. चार्जरसकट.

दोघातिघांनी मिळून एकमेकांच्या रात्री सांभाळाव्यात हे सगळ्यांनाच कळतं. आम्ही केलंही. सोमवार-मंगळवार मी, बुध-गुरू तो. तीन महिने टिकलं. का मोडलं? त्याच्या रात्री आलेला माझा पेशंट टाके काढायलाही त्याच्याकडेच गेला. इथे रोस्टर कागदावर लावून होत नाही, आधी मनं लावावी लागतात.

ओहायोची_माहेरवाशीण | १२ जून, सकाळी ८.१५ (इथे रात्र आहे)

स्लो_लोकल, तुमचा अनुभव आकड्यांत मांडलेला वाचलाय मी. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सदस्यांचा एक मोठा सर्व्हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, ७,९०५ सर्जन्सनी उत्तरं दिली होती. त्यातले ४० टक्के बर्नआउटच्या, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याच्या, व्याख्येत बसत होते. घरासाठी वेळ पुरतो असं म्हणणारे फक्त ३६ टक्के. कशाकशाशी त्याचा संबंध निघाला? आठवड्यातल्या ऑन-कॉल रात्री, कामाचे तास, लहान वय, पदरात मुलं, आणि तुमच्यासाठी खास: ज्यांची कमाई संपूर्णपणे बिलावर अवलंबून आहे ते. फोन उचलला नाही तर पोटावर पाय, ही भीती डोंबिवलीपुरती नाही.

तरी त्यातल्याच ७४ टक्क्यांनी सांगितलं की पुन्हा संधी मिळाली तर सर्जनच होऊ. पोस्टइमर्जन्सीच्या पहाटेच्या अपेंडिक्सचा जो मुद्दा आहे, तो मला इथे दिसतो.

इकडचा तासांचा इतिहास थोडक्यात. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिला बघणारे रेसिडेंट किती तास जागे होते, यावर तिच्या वडिलांनी रान उठवलं. ते पत्रकार होते, लावून धरलं. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली आणि २००३ पासून ती देशभरच्या रेसिडेंट्सना लागू झाली. सर्जन मंडळींनी खूप आरडाओरडा केला की मुलं अर्ध्या ऑपरेशनातून निघून जातील. मग २०१६ मध्ये सर्जरीच्या ११७ प्रोग्रॅम्सची एक चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना कडक नियम, अर्ध्यांना ८० तास तेच पण एका दमात किती हे सैल. रुग्णांच्या निकालात फरक नाही. रेसिडेंट्सच्या एकंदर समाधानातही फरक नाही. सैल गटातल्या मुलांना ऑपरेशन मध्येच सोडून जावं लागणं कमी झालं, पण स्वतःचा वेळ आणि घर यावर परिणाम झाला असं त्यांनीच सांगितलं.

यावरून मी स्वतःपुरती समजूत काढली आहे की नुसते तास मोजून समाधान हाती लागत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही आठवडाच घेतो. त्या आठवड्यात दिवसरात्र फक्त इमर्जन्सी, ठरवलेलं एकही ऑपरेशन नाही, ओपीडी नाही. मी त्या आठवड्यात माणसात नसते. पण उरलेल्या आठवड्यांत फोन बंद करून झोपते.

टाकेवाला | १२ जून, रात्री ९.४०

ताई, आठवड्याचा प्रकार आमच्या चर्चेत आला होता. अडचण अशी की पाचातला एक आठवडाभर बाजूला गेला तर ठरवलेल्या लिस्ट चौघांवर पडतात, आणि मॅनेजमेंट म्हणते इमर्जन्सीच्या केसेस एवढ्या नाहीत की एक माणूस त्यासाठी अडकवून ठेवावा. सात रात्री सलग घरी मांजराची झोप, ही कल्पनाही मला झेपेना.

अजून एक गाठ आहे. आमचे सर अठ्ठावन्नचे. त्यांना रात्री नको आहेत, आणि त्यांचा हक्कही आहे असं मला मनातून वाटतं. पण ते गेले की उरलेल्या चौघांना वर्षाला ७३ च्या जागी ९१ रात्री. नवी मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त फोनवर कॅल्क्युलेटर उघडला.

वकिलीणबाई | १२ जून, रात्री ११.१८

'घरी बसून फोनची वाट बघणं हे काम आहे का' हा प्रश्न युरोपात कोर्टापर्यंत गेलाय, म्हणून डोकावते. जर्मनीत कील इथल्या हॉस्पिटलच्या सर्जरी विभागातले डॉक्टर येगर यांचा खटला. त्यांना ड्यूटीवर झोपायला खोली आणि पलंग होता, म्हणून तो वेळ विश्रांतीचा धरला जायचा. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं, हॉस्पिटलात हजर राहायला लावलंय ना, मग डोळा लागला तरी तो कामाचाच वेळ. घरी राहून फोनवर असणाऱ्यांना मात्र हे लागू होत नव्हतं. मग २०१८ मध्ये बेल्जियमच्या एका अग्निशामक जवानाचा निकाल आला. त्याला घरून ८ मिनिटांत पोचायची सक्ती होती. कोर्ट म्हणालं, इतकी कमी मुदत दिली तर घर असलं तरी तो वेळ कामाचाच.

आपल्याकडे हे लागू नाही. पण टाकेवाला, तुमच्या रोस्टरला उपयोगी एक गोष्ट त्यात आहे: किती मिनिटांत पोचायचं यावर ती रात्र किती तुमची उरते ते ठरतं. आठ मिनिटं, तीस मिनिटं आणि साठ मिनिटं या तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

स्लो_लोकल | १३ जून, सकाळी ६.४४

आणि मुंबईत अर्ध्या तासाचा नियम म्हणजे घराच्या भावाचा नियम. हॉस्पिटलपासून अर्ध्या तासावर राहणं कुणाला परवडतं? शेवटची लोकल गेली की पहाटे चारपर्यंत रेल्वे नाही, म्हणजे गाडी हवी. २६ जुलै २००५ ला मी रजिस्ट्रार होतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी. रोस्टरवर ज्यांचं नाव होतं ते रस्त्यात कुठेतरी कंबरभर पाण्यात, फोन बंद. फुटलेल्या अल्सरचा पेशंट केला तो क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या लेक्चररनी, सुट्टीवर असताना, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून चालत येऊन.

खवट_म्हातारा | १३ जून, सकाळी ९.०२

त्या लेक्चररना सुट्टीचे पैसे मिळाले का?

स्लो_लोकल | १३ जून, सकाळी ९.१५

काका, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. नाही मिळाले.

निवृत्त_रेल्वेवाला | १३ जून, दुपारी ४.३०

डॉक्टरसाहेब, मी वैद्यकीतला नाही. मध्य रेल्वेत मोटरमन आणि गार्ड यांच्या ड्यूटीच्या लिंक, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. आपला धागा सकाळपासून दोनदा वाचला आणि मागच्या पानावर गणित मांडलं. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली पद्धत दर पाचव्या रात्रीची. आठवडा सात दिवसांचा. त्यामुळे आपला वार घसरत जातो: सोम, शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, आणि पुन्हा सोम. हे चक्र ३५ दिवसांचं. त्यात आपल्या सात रात्री येतात आणि प्रत्येक वार एकदा येतो. दिसायला अगदी न्याय्य. पण बघा, शनिवार एका आठवड्यात पडतो आणि रविवार दुसऱ्याच. म्हणजे पाचांतले दोन शनि-रवि मोडले. आणि कोणताही एक वार आपण आयुष्यात कशालाही देऊ शकत नाही, कारण तो कधी ना कधी जाणारच. कन्येच्या तबल्याचा गुरुवार त्यामुळेच बुडतो.

आता दुसरी मांडणी. सोमवार ते शुक्रवार पाच रात्री, आपण पाच जण. प्रत्येकाला एक वार कायमचा बांधून द्या. शनिवार-रविवार जोडीने ठेवा आणि ती जोडी फिरवा, दर पाचव्या आठवड्याला एकाची. ३५ दिवसांत किती झाल्या? पाच अधिक दोन, सातच. एकही रात्र वाढली नाही. पण मोडलेला शनि-रवि दोनाऐवजी एक.

शुक्रवारवाल्याची जोडी आली की त्याच्या सलग तीन रात्री होतात, आणि सोमवारवाल्याच्याही. त्या आठवड्यापुरती त्यांनी बुधवारवाल्याशी वार बदलून घ्यावा. हे कागदावर आधीच छापून टाकावं, मागायला लावू नये.

आणि मुख्य ते राहिलं. आम्ही लिंक लावायला बसलो की आधी रात्रीची गाडी भरत नसू. आधी विश्रांती मांडायची, मग तिच्याभोवती गाड्या. आपला वार बांधलेला असला की ऑन-कॉलनंतरची सकाळ कोणती हेही बांधलं गेलं. मंगळवारची रात्र ज्याची, त्याची ओटी बुधवारी ठेवूच नका, ती गुरुवारी ठेवा. फिरत्या पद्धतीत हे करता येणार नाही, कारण ती सकाळ दर वेळी निराळ्या वारी येते.

चिरफाड | १३ जून, दुपारी ४.५१

🙏🙏 साष्टांग.

पोस्टइमर्जन्सी | १३ जून, सायं. ५.२०

आजोबा, आमच्या डीन ऑफिसात याल का? गाडी पाठवते. (गाडी नाही, पण पाठवते.)

भूलथाप | १४ जून, रात्री १२.३५

सविस्तर लिहायचं म्हटलं होतं, आत्ता वेळ मिळाला.

रेल्वेवाले काकांना सलाम, पण सर्जनचं रोस्टर एकट्याने सुधारत नाही. आम्ही भूलतज्ज्ञ चौघं आणि रात्री सर्जनबरोबर बाळंतपणंही आमच्यावर. सर्जनचा फोन वाजला नाही तरी माझा वाजतो. तुमची बुधवार सकाळ मोकळी झाली आणि मी रात्रभर जागून साडेआठला टेबलाच्या डोक्याशी उभा, तर पेशंटला काय फायदा?

ज्यांना 'सवय होते' असं वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १९९७ मध्ये नेचरमध्ये एक छोटा पेपर आला होता. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हातडोळ्यांच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढेपाळतो, आणि २४ तासांनी साधारण ०.१० टक्के असलेल्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. रात्रभर काम करून घरी जाताना नाकाबंदीत नळीत फुंकून सुटतो, तेव्हा दर वेळी हे आठवतं. त्या नळीला झोप मोजता येत नाही म्हणून बरं.

टाकेवाला | १४ जून, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. रेल्वेवाले काका, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून आज मीटिंगला नेला. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग नवी मुलगी म्हणाली, "म्हणजे मी शनिवारी पुण्याला घरी जाऊ शकते? पाचातून चार शनिवार?" एरवी ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.

सरांचंही थोडं जमलं. ते रात्री सोडणार नाहीत, पण त्यांच्या वारी मध्यरात्रीनंतरचा पहिला फोन आमच्यापैकी एकाला. त्याबदल्यात दिवसा दुपारपर्यंतची इमर्जन्सी ते बघणार, म्हणजे आमच्या लिस्टमध्ये कुणी घुसणार नाही. चिरफाड, तीन महिन्यांचं रोस्टर एकदम, हे सगळ्यांनी मानलं. सणांच्या रात्री वेगळ्या काढल्या आहेत: गणपतीचे पहिले दोन दिवस, अनंत चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, ३१ डिसेंबर, होळी. दहीहंडी ऑर्थोवाल्यांना बहाल. भूलथाप, तुमच्या विभागाशी बोलणं बाकी आहे, त्यांनी 'बघू' म्हटलंय.

अडलंय ते एकाच जागी. शुक्रवार कुणालाच नकोय. सोमवारी चिठ्ठ्या टाकणार आहोत.

निवृत्त_रेल्वेवाला | १५ जून, सकाळी ७.३०

शुक्रवारवाल्याला सणाची एक रात्र माफ करावी. नुसत्या चिठ्ठीवर सोडू नये.

ओहायोची_माहेरवाशीण | २८ सप्टेंबर, सकाळी ७.५५

टाकेवाला, धागा वर काढतेय. काय झालं पुढे?

टाकेवाला | २९ सप्टेंबर, रात्री १०.४६

चालू आहे! जुलैपासून. सगळं गोड नाही. ऑगस्टमध्ये एकाला डेंग्यू झाला आणि तीन आठवडे चौघांत ओढाताण, तेव्हा बांधलेले वार वगैरे सगळं गुंडाळून ठेवलं होतं. भूलतज्ज्ञांचं रोस्टर अजून दर चौथ्या रात्रीचंच आहे, 'बघू' चालू आहे. मंगळवारच्या रात्री पूर्वीइतक्याच कोऱ्या आणि पूर्वीइतक्याच मांजराच्या झोपेच्या. त्यात काडीचा फरक नाही. पण बुधवारी मी अकराला ओपीडीत जातो, आणि मंगळवार सोडून इतर रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो.

गुरुवारी क्लासला सोडायला मी जातो. पहिल्या गुरुवारी गुरुजींनी दारातच अडवलं आणि विचारलं, "आपण कोण?"

चिरफाड | २९ सप्टेंबर, रात्री ११.०१

😂 आणि शुक्रवार कुणाला गेला?

टाकेवाला | २९ सप्टेंबर, रात्री ११.०९

सरांना. चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "चालेल. शुक्रवारी आमच्याकडे हिची भिशी असते."